किटलीशेजारचा फळा

२ ऑक्टोबर, सोमवार

एल्स्पेथने आज आम्हा शिकाऊंना एकेक वही दिली. एल्स्पेथ म्हणजे आमच्या हृदयतपासणी विभागाची प्रमुख, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. म्हणाली, "रोज लिहायचं. काय शिकलात, काय चुकलं, पुढच्या वेळी काय वेगळं कराल. परीक्षक वाचणार आहेत." ती वही मी लिहीन, गोड गोड. "आज रुग्णाशी संवादाचं महत्त्व उमगलं" वगैरे. खरं ते इथे, या दुसऱ्या वहीत. ही कुणाच्या बापाला दाखवायची नाही.

तर खरं असं. मी बेव्हर्ली एंटविसल, वय पंचेचाळीस. सतरा वर्षं या हॉस्पिटलात ईसीजी काढतेय, सहाय्यक म्हणून. सहाय्यकाने स्टिकर चिकटवायचे, वायरी लावायच्या, बटण दाबायचं आणि कागद वरच्यांच्या हातात द्यायचा. त्यावर काय लिहिलंय ते वाचायचा मान फिजिऑलॉजिस्टचा. कितीतरी पोरंपोरी आली, माझ्याकडून वायरी लावायला शिकली आणि दोन वर्षांत माझ्या डोक्यावर बसली. शेवटी मीच शिकाऊ पदवीला नाव घातलं, नोकरी करत शिकायचं. नवरा, डेरेक, म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "मग कधी, मेल्यावर?" तो ब्रेडची गाडी चालवतो, पहाटे तीनला उठतो, वाद घालायला त्याच्यात जीव उरत नाही.

आता शेवटचं वर्ष. मार्चमध्ये परीक्षा. जागा सुटणार एकच, फिजिऑलॉजिस्ट हेदर निवृत्त होतेय तिची. आणि त्या जागेवर डोळा ठेवून असणाऱ्या दोघी. एक मी. दुसरी आजच उगवली. नीव्ह डूलन, वय बावीस, थेट युनिव्हर्सिटीतून, शेवटच्या वर्षाचं प्रशिक्षण आमच्याकडे. आवाज बारीक, बूट पांढरे शुभ्र. बघू किती दिवस पांढरे राहतात.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

एका ईसीजीला पाच मिनिटं लागतात. हिला चौदा. मी घड्याळ लावून बघितलं. म्हाताऱ्यांशी गप्पा मारते, कुत्र्याचं नाव विचारते, मोजे परत पायात घालून देते. बाहेर रांग लागलेली, आणि ही आत मोजे घालतेय.

ईसीजीत मी आधीच पास आहे, त्यामुळे तिच्यावर देखरेख माझी. पहिल्याच आठवड्यात तिला चहाच्या खोलीतला फळा दाखवला. किटलीशेजारी आहे. ज्याचा ईसीजी फसला त्याचा कागद तिथे टाचणीने लावायचा, रुग्णाचं नाव कापून, खाली ज्याने काढला त्याचं नाव. कुणाची वायर निसटलेली, कुणी थंडीने कुडकुडणाऱ्याला हृदयविकाराचा रुग्ण समजलेलं. एल्स्पेथचाही एक जुना कागद आहे तिथे, पिवळा पडलेला. माझा नाही. सतरा वर्षांत एकही नाही. हे तिला ऐकवलं. म्हणाली, "बाप रे, बेव्ह. तुम्ही कधीच चुकला नाहीत?"

मी म्हटलं, "फळ्यावर तरी नाही." ती हसली. मला तिच्या हसण्याचा राग आला, का ते कळलं नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

इको मला जमत नाही. हे इथेच लिहू शकते. हृदयाची ती सोनोग्राफी, हातात यंत्राची मूठ धरून बरगड्यांच्या फटीतून बघायचं. माझा हात जड आहे. पडद्यावर मला धुकं दिसतं आणि बाकीच्यांना झडपा दिसतात. आणि वर गणितं. झडपेतून रक्त किती वेगाने जातं, त्यावरून दाब किती, त्यावरून झडप किती आवळली. शाळेत गणिताच्या तासाला मी खिडकीबाहेर बघायचे, त्याचा हिशेब आता चुकता होतोय.

आज दुपारी चहाच्या खोलीत एकटी बसून रडले. अगदी ओक्साबोक्शी नाही, पण रडले. नेमकी नीव्ह आली. तिने चहाच्या पिशव्यांचं रिकामं खोकं उलगडलं आणि त्याच्या पाठीवर ते समीकरण लिहून दाखवलं, नळाला बोट लावून पाणी कसं जोरात येतं तिथपासून सुरुवात करून. वीस मिनिटांत डोक्यात शिरलं. तीन वर्षांत प्राध्यापकांना जमलं नाही ते.

खोकं मी घरी आणलं. आभार मानले नाहीत. बावीस वर्षांच्या पोरीकडून शिकवणी घ्यावी लागली, त्याचे आभार कसले मानायचे?

५ डिसेंबर, मंगळवार

आज मजा आली. कधी नव्हे ते.

सकाळी एक मिस्टर ग्रिमशॉ आले, एकाहत्तर वर्षांचे, जुने बसचालक, उंच आणि काटकुळे. फेब्रुवारीत हर्नियाचं ऑपरेशन आहे, त्याआधीचा ईसीजी. म्हणाले, "या हर्नियाआधी डॉक्टरची आणि माझी गाठ आयुष्यात एकदाच पडली, पायावर पेटी पडली तेव्हा." नीव्हने वायरी लावल्या. मी कोपऱ्यात उभी. कागद बाहेर आला आणि पहिलीच ओळ पालथी.

आता, उजव्या हाताची लाल वायर आणि डाव्या हाताची पिवळी, यांची अदलाबदल झाली की पहिली ओळ पालथी पडते. हे आमच्याकडे चहाची गाडी ढकलणारीही सांगेल. मी म्हटलं, "शाब्बास. युनिव्हर्सिटीत हेच शिकवतात वाटतं?"

ती लालेलाल झाली. "पण मी तपासलं होतं, बेव्ह. लाल उजव्या मनगटालाच आहे, बघा ना."

बघितलं, होती. मग मी म्हटलं, "म्हणजे दुसऱ्या टोकाला घोळ आहे. सकाळी यंत्राची डबी पुसताना वायरी काढल्यास ना? उलट्या खोचल्यास परत." आणि मीच डबीतल्या त्या दोन वायरी काढून अदलाबदल केली.

"पण छातीच्या ओळी?" हळूच म्हणाली. "डावीकडे जाऊ तशा मोठ्या व्हायला हव्यात. या लहान लहान होत चालल्यात."

"स्टिकर वर लावलेस म्हणून." मी सहाही काढून नवे लावले. तरी ओळी लहानच. म्हटलं, माणूस पन्नास वर्षं सिगारेट ओढलेला, फुगलेली फुप्फुसं मध्ये येतात. म्हातारा पडल्या पडल्या आमची मारामारी ऐकत होता. म्हणाला, "पोरींनो, भांडू नका. माझं हृदय इथे आहे, विचारा माझ्या कबुतरांना." आणि छातीवर हात ठेवला, उजवीकडे. शर्यतीची कबुतरं पाळतो. भेदरलेलं पाखरू छातीच्या या बाजूला धरलं की ठोके ऐकून गप्प होतं म्हणे, दुसऱ्या बाजूला धरलं की फडफडतं. नीव्ह त्याच्या हाताकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "कबुतरांना परीक्षा द्यावी लागत नाही, मिस्टर ग्रिमशॉ. हलू नका."

दुसरा कागद सुरेख आला, पहिली ओळ सरळ. तो पाठवला. यंत्रात नीव्हचं कार्ड होतं, त्यामुळे नावाची आद्याक्षरं तिचीच छापली गेली. नियमाप्रमाणे पहिला कागदही जोडायचा असतो, का परत काढला ते लिहून. पण बाहेर नऊ जण बसले होते. आणि पहिल्या कागदाची जागा मला ठाऊक होती.

पुढच्या बाईच्या वेळी नीव्हने त्या दोन वायरी डबीत पुन्हा पहिल्यासारख्या खोचल्या. मी पाहिलं. त्या बाईचा ईसीजी सरळ आला. मी पुढच्याला आत बोलावलं.

जेवणाच्या सुट्टीत कागद फळ्यावर लावला. खाली "नीव्ह" लिहिलं, बदामाच्या आकारात. एल्स्पेथ चहा घ्यायला आली, बघून इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला. मार्कर काढून कागदावरच लिहिलं, "हा रुग्ण आरशात होता का?" सगळे हसले. नीव्हसुद्धा हसली, जरा उशिराने.

एल्स्पेथने दिलेल्या वहीत लिहिलं, "नवोदितांच्या आत्मविश्वासाला धक्का न लावता चूक दाखवून देण्याचं कौशल्य वापरता आलं."

१५ डिसेंबर, शुक्रवार

आज नाताळाची पार्टी. कागदी मुकुट, कोरडी टर्की. नीव्ह माझ्या शेजारी येऊन बसली आणि कानाशी म्हणाली, "बेव्ह, मिस्टर ग्रिमशॉंचा तो कागद एकदा डॉक्टरांना दाखवूया का?"

"कुठला?"

"फळ्यावरचा. माझी चूक असेल तर असू दे. आणखी एकदा हसतील. पण दाखवूया."

मी म्हटलं, "पोरी, दहा दिवस झाले. मुकुट घाल आणि पुडिंग खा. चूक झाली की झाली म्हणायचं, पुढे जायचं. मोठं होणं म्हणतात त्याला."

तिने मुकुट घातला. मी तीन ग्लास वाइन प्यायले, तरी ती डबीत वायरी परत खोचतानाची तिची बोटं डोळ्यासमोरून जाईनात.

१७ जानेवारी, बुधवार

काल संध्याकाळी मिस्टर ग्रिमशॉ अपघात विभागात आले. छातीत दुखतंय म्हणून. तिथल्या लोकांनी ईसीजी काढला, पहिली ओळ पालथी. यंत्रच म्हणालं, हाताच्या वायरी तपासा. नर्सने आमचा डिसेंबरचा कागद उघडला, तो सरळ. म्हणजे वायरी उलट्या लागल्या असणार. तिने बदलल्या. आता दोन्ही कागद जुळले, छातीच्या ओळी तेव्हाही लहान, आताही लहान. काही नवं नाही, पोटाचं असेल म्हणाले. आम्लपित्ताचं औषध देऊन खुर्चीवर बसवलं. पाच तास.

मग कुणीतरी छातीचा एक्स-रे काढला. हृदय उजवीकडे आहे त्यांचं. जन्मापासून. आरशातल्यासारखं. स्टिकर उजव्या बाजूला लावल्याबरोबर झटका कागदावर ढळढळीत दिसला. तोवर अर्धं हृदय गेलं होतं. वाचले. इतकंच.

पालथी ओळ आणि छातीच्या लहान होत जाणाऱ्या ओळी, दोन्ही एकत्र दिसलं की समजायचं वायर नाही, हृदयच उलट्या बाजूला आहे. पुस्तकात आहे. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात, डाव्या पानावर, मी पिवळ्या पेनाने रंगवलेलं.

पुढच्या बाईचा ईसीजी सरळ आला तेव्हाच कळायला हवं होतं. माझी दुरुस्ती बरोबर असती तर तो पालथा आला असता. तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगू? तेव्हाच कळलं होतं. काहीतरी कळलं होतं, आणि मी पुढच्याला आत बोलावलं.

१८ जानेवारी, गुरुवार

साडेसातला पोहोचले. चहाच्या खोलीत कुणी नव्हतं. फळ्यावरचा कागद काढला, घडी केली, ब्लाउजच्या आत घातला. टाचणी तिथेच राहिली, गडबडीत.

अकराला एल्स्पेथने बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाली, "चौकशी होणार. कागदावर नीव्हची आद्याक्षरं आहेत. तू खोलीत होतीस?"

"होते."

"वायरी कुणी बदलल्या?"

मी विचार केला होता की या प्रश्नाला खरं सांगायचं. बसमध्ये ठरवलं होतं, शब्द जुळवले होते. तोंडातून निघालं, "काढत तीच होती. मी यादी बघत होते, बाहेर रांग होती."

"नीव्ह म्हणते, आधीचा एक कागद होता. पालथा. फळ्यावर लावलेला." एल्स्पेथ खिडकीबाहेर बघत होती. "मी आत्ताच बघून आले. काही नाही तिथे. मला तरी असा कागद आठवत नाही. तुला आठवतो का, बेव्ह?"

"नाही."

"बरं," म्हणाली. आणि स्वतःच्या हाताने मला चहा करून दिला. सात वर्षं आमची प्रमुख आहे, त्यात पहिल्यांदा. किती समजूतदार बाई आहे, मी उगाच तिला नावं ठेवत होते. माझी अवस्था बघून तिने जास्त खोदलं नाही.

बाहेर आले तर नीव्ह फळ्यासमोर उभी होती, टाचणीकडे बघत. माझ्याकडे वळली. वाटलं आता ओरडेल, सगळ्यांसमोर. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते आणि काय व्हायचं ते झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बेव्ह, तुम्हाला तर माहितेय."

मी म्हटलं, "मला पुढचा रुग्ण आहे."

त्या वहीत लिहिलं, "सहकाऱ्याच्या चुकीतून शिकण्याची संधी मिळाली."

२६ जानेवारी, शुक्रवार

नीव्हचं प्रशिक्षण थांबवलं. "रुग्णाच्या सुरक्षेला बाधा, आणि त्यानंतर दुसऱ्यावर ढकलण्याची वृत्ती." हे दुसरं जास्त नडलं म्हणे. नुसती चूक असती तर समज देऊन सोडलं असतं. पण ती आपलं म्हणणं सोडेना. शेवटपर्यंत म्हणत राहिली, कागद होता, मी पहिल्यांदा बरोबर काढला होता.

पोरगी मऊ आहे. या कामाला चामडी जाड लागते. अशीही टिकली नसती. हे वाक्य मी आज दिवसभर स्वतःशी म्हणतेय, आणि दर वेळी त्याची चव जास्त कडू लागतेय.

जाताना माझ्या खणात एक पाकीट ठेवून गेली. मला धडकी भरली. आत सहा कार्डं होती, इकोची सगळी समीकरणं, रंगीत पेनांनी, प्रत्येकावर एक उदाहरण. वर लिहिलेलं, "मार्चसाठी. नाताळाआधीच करून ठेवली होती."

डेरेकला सांगावंसं वाटलं. तो सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपला होता. पांघरूण घातलं आणि आले.

१४ मार्च, गुरुवार

पास झाले. परीक्षकांनी आवळलेल्या झडपेचं गणित विचारलं. नळ, बोट, पाणी. धडाधड सांगितलं. एक परीक्षक म्हणाले, "इतकं सोपं करून क्वचितच कुणी सांगतं. हे तुम्ही कुठे शिकलात?"

"कामावर," म्हटलं.

माझी ती गोड गोड वही त्यांना फार आवडली. प्रामाणिक वाटली.

हेदरची जागा मला मिळाली. एल्स्पेथने सगळ्यांसमोर मिठी मारली, केक आणला होता. डेरेकने गाडीतून गुलाबी आयसिंगचे बन आणले, डझनभर. मला वाटलं होतं हा दिवस आला की नाचेन. सतरा वर्षं मनात नाचून बघितलं होतं. बन खाल्ला. पाय दुखत होते, झोपले.

२३ एप्रिल, मंगळवार

आज यादीत तिसरं नाव, ग्रिमशॉ. इको.

मला यादी बदलता आली असती. फिजिऑलॉजिस्टला बदलता येते. बदलली नाही, का ते माहीत नाही.

चाकाच्या खुर्चीतून आणलं. निम्मा माणूस उरलाय. पाय सुजलेले, दोन वाक्यांनंतर दम. मी त्यांना उलट्या कुशीवर वळवलं आणि मूठ उजवीकडे टेकवली. आता माझा हात जड नाही. सगळं लख्ख दिसलं. हृदयाचा पुढचा भाग हलतच नव्हता.

"कबुतरं कशी आहेत?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"मेहुण्याला दिली. खुराड्याची शिडी चढवत नाही. साठ होती." थोडा दम खाल्ला. "ती बारीक आवाजाची पोरगी कुठे आहे? मोजे घालून दिले होते मला."

"गेली ती. दुसरीकडे."

"तिला सगळं कळलं होतं, माहितेय? तुम्ही तिकडे लिहीत होतात तेव्हा दारात मला म्हणाली, मिस्टर ग्रिमशॉ, माझं चुकत असेल, पण एकदा छातीचा एक्स-रे काढून घ्या. चिठ्ठीसुद्धा दिली. मी ती खिशात घातली आणि विसरलो. म्हटलं, तुम्ही मोठ्या बाई म्हणालात ना सगळं ठीक आहे, मग ठीकच. सतरा वर्षं अनुभव आहे म्हणत होतात." ते हसले, खोकला आला. "चूक माझीच. पोरीचं ऐकायला हवं होतं. पण त्या वायरी तुम्हीच हलवल्या होत्या ना? की माझं काही..."

मी म्हटलं, "श्वास रोखून धरा."

त्यांनी धरला. बिचाऱ्यांना जमेल तितका धरला. मी गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. पडद्यावर आकडे येत गेले.

"सोडा."

मग ते वायरींचं विसरले. खुर्चीच्या पिशवीतून टॉफीचा पत्र्याचा डबा काढला, निळा, झाकणावर जहाज. "तिच्यासाठी आणलाय. भेटली तर द्याल? म्हणावं, म्हाताऱ्याने तुझी आठवण काढली."

"देईन," म्हटलं. डबा घेतला. मला इतकी लाज वाटली की कानांपर्यंत गरम झाले. त्यांना वाटलं मला टॉफी आवडते. "एखादी तुम्हीही खा," म्हणाले.

२७ एप्रिल, शनिवार

नीव्ह बाजारातल्या बेकरीत काम करते. डेरेकची गाडी तिथे जाते, त्यानेच सांगितलं होतं. "तुमच्याकडची ती पोरगी आता पॅस्टी विकते गं."

सकाळी गेले. पर्समध्ये दोन वस्तू होत्या, डबा आणि तो कागद. कागद या वहीत होता इतके दिवस, पाच डिसेंबरच्या पानाला लागून. घडीवर चुरगळलाय, पण ओळी स्पष्ट आहेत. पहिली पालथी, छातीच्या लहान होत जाणाऱ्या. कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली, दुसऱ्या कागदाच्या चार मिनिटं आधीची. खाली माझ्या हाताने काढलेल्या बदामात तिचं नाव. आणि वर एल्स्पेथचं अक्षर. रात्री तेवढंच बघत बसले होते. "हा रुग्ण आरशात होता का?" तिला तो आठवत नाही म्हणाली. तो चहा तिने मला का करून दिला, हे मला काल रात्रीपर्यंत कळलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांची घोडी मी.

हा कागद बाहेर आला की माझी जागा जाते. एल्स्पेथची पण. नोंदणीही जाईल कदाचित. आणि नीव्हला परत घ्यावं लागेल. इतकं साधं आहे. बसमध्ये मी ठरवलं, देऊन टाकायचा. या वेळी खरंच ठरवलं, शब्दसुद्धा जुळवले नाहीत, नुसता हातात द्यायचा.

रांगेत माझ्यापुढे तिघं होते. तिच्या डोक्यावर जाळी, हातमोजे, बुटांवर पीठ. एका म्हातारीला पिशवी बांधून देत होती, गाठ नीट बसते का बघत. अजून चौदा मिनिटंच घेते.

माझा नंबर आला. तिने मला बघितलं. रागाने नाही, आश्चर्यानेही नाही.

"बोला, बेव्ह."

मी डबा काचेवर ठेवला. "मिस्टर ग्रिमशॉंनी पाठवलाय. तुझ्यासाठी. तुझी आठवण काढत होते. म्हणाले, तुला सगळं कळलं होतं."

तिने डब्याकडे बघितलं. झाकणावर बोट फिरवलं, जहाजावरून. डोळे भरले, पण आवाज सरळ होता. "कसे आहेत?"

"बरे आहेत," म्हटलं. खोटं.

मग तिने डबा माझ्याकडे सरकवला, हळूच. "डबा नको, बेव्ह. कागद द्या."

पर्स माझ्या हातात होती. चेन उघडी होती. घडीची कड मला दिसत होती. मागे कुणीतरी खोकलं, एक माणूस सॉसेज रोल गरम आहेत का विचारत होता. दोन सेकंद. फार तर तीन. एवढ्या वेळात हृदयाचे तीन ठोके पडतात.

मी म्हटलं, "कुठला कागद?"

तिने मान हलवली, जसं काही मी भाव विचारला आणि तिने सांगितला. मग माझ्या खांद्यावरून बघून म्हणाली, "पुढचे कोण?"

डबा घेऊन घरी आले. डेरेकने एक टॉफी खाल्ली, चांगली आहे म्हणाला, कुणी दिली विचारलं. मी म्हटलं, एका रुग्णाने. कागद परत इथे ठेवला, पाच डिसेंबरच्या पानात. सोमवारी नवा शिकाऊ येतोय. त्याला ईसीजी मी शिकवायचाय.